४८ अंड्यांचे घरगुती उबवणी यंत्र : कोकणातल्या हवेत घेतलेली पारख

घरच्या पडवीत किंवा आतल्या खोलीत ठेवून गावरान कोंबडीची अंडी उबवता येतील अशी लहान विजेची यंत्रे आता सहज विकत मिळतात. त्यांपैकी ४८ अंड्यांचे आणि ‘पूर्ण स्वयंचलित’ म्हणून विकले जाणारे एक यंत्र आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा अशा तिन्ही ऋतूंत वापरले. ते घ्यावे की नाही असे शेजारीपाजारी वारंवार विचारतात, म्हणून हे सविस्तर परीक्षण लिहीत आहे. आमचे मत आधीच सांगते. ऊब देण्याचे आणि अंडी कलती करण्याचे काम हे यंत्र चोख करते. पाण्याचे, विजेचे आणि शेवटच्या तीन दिवसांचे काम मात्र माणसालाच करावे लागते, आणि सोबत येणारी पुस्तिका नेमकी याच कामांत वाट चुकवते.

यंत्र म्हणजे झाकणाची एक प्लॅस्टिकची पेटी आहे. झाकणात हीटर, पंखा, तापमान व आर्द्रता दाखवणारा कंट्रोलर आणि पाहण्यासाठी छोटी खिडकी आहे. खाली अंडी उभी ठेवण्याचे ट्रे, आणि तळाशी पाण्याच्या दोन पन्हळी आहेत. ट्रे दर दोन तासांनी एका बाजूस आणि मग दुसऱ्या बाजूस सुमारे ४५ अंशांत कलतात. याच किमतीत रुळांवर अंडी आडवी ठेवून फिरवणारी यंत्रेही मिळतात, पण कलणारे ट्रे आम्ही मुद्दाम निवडले, कारण त्यांत अंड्याचे रुंद टोक वर राहते आणि त्या टोकातली हवेची पोकळी जागेवर टिकते. ट्रेचे खण मात्र ५५-६० ग्रॅमच्या मोठ्या अंड्यांच्या मापाचे आहेत. आमच्या गावरान कोंबड्यांचे अंडे ४०-४५ ग्रॅमचे असल्याने ते खणात डुगडुगते आणि ट्रे कलला की शेजारच्या अंड्यावर आपटते. प्रत्येक खणात पुठ्ठ्याची पट्टी बसवल्यावर ही अडचण मिटली. गावरान अंड्यांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या यंत्राला खणही गावरान मापाचे असायला हवे होते, एवढे म्हणणे भाग आहे.

तापमानाच्या बाबतीत यंत्र विश्वासाचे आहे. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट, हे तापमान २१ दिवस सलग राहावे लागते; आणि घरातला दरवाजा उघडा राहिला, रात्री गारवा वाढला, तरी आमच्या यंत्राचा आकडा फारसा हललेला नाही. मात्र कंट्रोलरवर दिसणारा आकडा आणि अंड्यांच्या पातळीवरचे खरे तापमान एकच असेल असे गृहीत धरू नये. ताप मोजण्याचा साधा थर्मामीटर या कामी उत्तम चालतो, कारण आपल्याला हवे असलेले तापमान नेमके त्याच्याच पट्टीत येते. आमच्या यंत्रात मधल्या भागात तापमान बरोबर होते, पण हीटरजवळच्या कोपऱ्यात ते अर्ध्या अंशाहून थोडे अधिक भरले. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण अर्धा अंश जास्त राहिला तर पिल्ले एक दिवस आधी, बेंबी नीट न मिटलेली अशी बाहेर येतात, आणि अर्धा अंश कमी राहिला तर बाविसाव्या दिवसापर्यंत रेंगाळतात व अशक्त निघतात. कंट्रोलरमध्ये आकडा खालीवर जुळवण्याची सोय आहे, ती वापरावी, आणि कोपऱ्यातली अंडी दर दोन-तीन दिवसांनी मधल्या अंड्यांशी बदलावीत.

आता पाण्याविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण या यंत्राचे यश आणि अपयश आमच्याकडे याच एका गोष्टीवर फिरले. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून उबवणीच्या काळात पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. ती योग्य प्रमाणात गेली पाहिजे: अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन मूळ वजनाच्या साधारण १२ ते १३ टक्क्यांनी घटायला हवे. तेवढी घट झाली की रुंद टोकाकडची पोकळी पुरेशी मोठी होते, आणि पिल्लू कवच फोडण्यापूर्वी आपला पहिला श्वास त्या पोकळीतच घेते. पाणी कमी गेले तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगीर व ओलसर होते, त्याला कवचात वळायला जागा उरत नाही. पाणी जास्त गेले तर आतले पातळ आवरण वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटते. यासाठी पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता ठेवावी, असा सर्वमान्य दंडक आहे.

यंत्राची पुस्तिका मात्र सांगते की पहिल्या दिवसापासून दोन्ही पन्हळी भरलेल्या ठेवा. विदर्भात किंवा माणदेशात एप्रिल-मे महिन्यांत हा सल्ला कदाचित चालून जाईल. कोकणात आषाढ-श्रावणात तो पिल्लांच्या जिवावर उठतो. याचे कारण साध्या हिशेबात आहे. पावसाळ्यात आमच्याकडे बाहेरची हवा २८ अंशांची आणि ८५ टक्के दमट असते. तीच हवा यंत्रात शिरून ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते, कारण तापलेल्या हवेत वाफ सामावण्याची क्षमता वाढते. म्हणजे आपल्याला हवा असलेला आकडा पन्हळीत थेंबभर पाणी न घालताच मिळतो, आणि पुस्तिकेप्रमाणे दोन्ही पन्हळी भरल्या की तो ७० टक्क्यांच्या पुढे जातो. उलट हिवाळ्यात घाटावरच्या २० अंशांच्या, ५० टक्के आर्द्रतेच्या हवेचा असाच हिशेब मांडला तर यंत्रात जेमतेम १८ टक्के आर्द्रता उरते. तिथे पाणी घातल्यावाचून गत्यंतर नाही.

पुस्तिकेबरहुकूम पाणी भरून घातलेल्या पावसाळी खेपेत निम्म्याहूनही कमी पिल्ले बाहेर आली. बाकीच्या अंड्यांत पिल्ले पूर्ण वाढलेली होती, अंगावर लव आलेली होती, चोच योग्य दिशेला होती, आणि तरीही ती कवचातच गेली. एकवीस दिवस वाट पाहून असे अंडे हातात घेणे फार जड जाते. त्यानंतरच्या पावसाळी खेपेत अठराव्या दिवसापर्यंत पन्हळी कोरड्या ठेवल्या आणि रुजलेल्या अंड्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त अंड्यांतून टुणटुणीत पिल्ले निघाली. यंत्र तेच होते, अंडी त्याच कोंबड्यांची होती. फरक फक्त पाण्याचा होता.

झाकणावर दिसणाऱ्या आर्द्रतेच्या आकड्यावरही आंधळा भरवसा नको. वेगळा स्वस्त आर्द्रतामापक घेऊन तो आधी मिठाने तपासावा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे ओले करावे, मापकासह एका घट्ट डब्यात सहा-आठ तास बंद ठेवावे, आणि मापक ७५ टक्के दाखवतो का ते पाहावे. जेवढा फरक दिसेल तेवढा पुढे धरून चालावे. आमच्या यंत्राचा सेन्सर खऱ्यापेक्षा बरेच कमी दाखवत होता, म्हणजे पाणी कमी आहे असा चुकीचा निरोप देत होता. याहूनही भरवशाची रीत वजनाची आहे. बारा अंड्यांवर पेन्सिलीने खूण करून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ती एकत्र तोलावीत. ४५ ग्रॅमची बारा अंडी ५४० ग्रॅम भरतात. सातव्या दिवशी ती ५१५ ग्रॅमच्या जवळपास आणि अठराव्या दिवशी ४७५ ग्रॅमच्या जवळपास आली पाहिजेत. वजन फार हळू उतरत असेल तर पाणी काढावे, झरझर उतरत असेल तर घालावे. मापक बिघडला तरी काटा खोटे बोलत नाही.

यंत्रासोबत अंड्यांच्या तपासणीचा छोटा दिवा मिळतो. पांढऱ्या अंड्यांना तो पुरतो, पण गावरान अंड्यांच्या तपकिरी कवचातून त्याचा उजेड पार जात नाही. मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरली की त्याहून स्पष्ट दिसते. सातव्या रात्री अंधार करून अंडे पाहिले तर रुजलेल्या अंड्यात मध्यभागी गडद ठिपका आणि त्यातून चहूकडे पसरलेल्या लाल शिरा दिसतात. नुसता पिवळसर उजेड दिसला तर अंडे वांझ, आणि आत लाल कडे दिसले तर गर्भ पहिल्या काही दिवसांतच गेला असे समजावे. अशी अंडी काढून टाकावीत. ती सडून फुटली तर साऱ्या पेटीत घाण पसरते. वांझ अंड्यांचा दोष यंत्राला देणे बरोबर नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा हवा, अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत, तोवर ती थंड जागी रुंद टोक वर करून ठेवलेली असावीत, आणि मळकी अंडी धुऊन घालण्याऐवजी वगळावीत, कारण धुतल्याने कवचावरचे नैसर्गिक संरक्षक आवरण निघून जाते. बाहेरगावाहून एसटीच्या पार्सलने मागवलेल्या अंड्यांचे फळ आम्हाला नेहमीच कमी मिळाले. हिसक्यांनी आतली पोकळी सैल होते. ती अंडी निदान १२ तास, शक्य तर २४ तास, स्थिर ठेवूनच यंत्रात घालावीत.

वीज हा कोकणातल्या पावसाळ्यात वेगळाच प्रश्न आहे. यंत्र फार वीज खात नाही आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालण्याची सोय त्यात आहे, ही विकत घेण्याजोगी गोष्ट आहे. ती सोय नसलेले स्वस्त यंत्र आमच्या भागात कोणी घेऊ नये. बॅटरी संपल्यावर काय करायचे हे उबवणीच्या दिवसावर ठरते. पहिल्या आठवड्यात अंड्यांना स्वतःची ऊब नसते, म्हणून झाकण न उघडता यंत्रावर गोधडी पांघरावी. दुसरा आठवडा सरत आला की गर्भ स्वतः उष्णता तयार करू लागतात आणि त्यांना हवाही जास्त लागते. तेव्हा हवेची छिद्रे झाकणार नाहीत अशा बेताने पांघरूण घालावे. काही तास तापमान ३० अंशांपर्यंत उतरले तरी बहुतेक अंडी तग धरतात, फक्त पिल्ले थोडी उशिरा निघतात. ४० अंशांच्या वर गेलेले तापमान मात्र थोड्या वेळातच घात करते, म्हणून घाबरून अंड्यांजवळ गरम पाण्याच्या बाटल्या कोंबू नयेत. यंत्राचा खरा दोष असा की बॅटरी नसताना वीज जाऊन आली की त्यातली दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. त्या मोजणीवर विसंबणाऱ्याच्या हातून अठराव्या दिवशी ट्रे थांबवायचे राहून जाईल. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारीख लिहून ठेवणे हाच त्यावर उपाय, आणि इतक्या किमतीच्या यंत्रात तो करावा लागू नये.

अठराव्या दिवशी ट्रे काढून अंडी तळाच्या जाळीवर आडवी ठेवायची, दोन्ही पन्हळी भरायच्या, हवेची छिद्रे पूर्ण उघडायची आणि झाकण लावायचे. यानंतर पेटीतून बारीक चिवचिव ऐकू येऊ लागते आणि घरातली मुले खिडकीपासून हलत नाहीत. पहिला टोचा पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तास लागू शकतात, आणि या वेळात ते थकून गप्प बसले तरी काळजीचे कारण नसते: ते आवरणातल्या शिरांतले रक्त आणि पोटाशी उरलेला पिवळा बलक अंगात ओढून घेत असते. मदत म्हणून कवच सोलले तर रक्त वाहते आणि जगू शकणारे पिल्लू दगावते. झाकण उघडले की क्षणात दमट हवा निघून जाते आणि टोचा मारलेल्या दुसऱ्या अंड्यांचे आवरण वाळते. आमच्या यंत्राची खिडकी नेमकी याच दिवसांत वाफेने धुरकटते, त्यामुळे झाकण उघडून पाहण्याचा मोह होतो. निर्मात्याने तिथे दुहेरी काच दिली असती तर कित्येक पिल्ले वाचली असती, असे मला मनापासून वाटते. तळाची प्लॅस्टिकची जाळीही गुळगुळीत आहे. त्यावर ओल्या पिल्लांचे पाय घसरून फाकतात आणि काही पिल्ले कायमची अधू होतात. जाळीवर खरखरीत गोणपाटाचा स्वच्छ तुकडा अंथरल्यापासून आमच्याकडे असे पिल्लू निघालेले नाही.

निघालेली पिल्ले सुकून फुलेपर्यंत आतच राहू द्यावीत. पोटातल्या बलकावर ती ४८ तास सहज काढतात. मोठ्या उबवणी केंद्रांतून एक दिवसाची पिल्ले खोक्यांत भरून दूरवर पाठवता येतात, ती याच बळावर. पुढे पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब हवी आणि दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करत न्यावी. विक्रेता याबद्दल चकार शब्द काढत नाही. यंत्राची किंमत सांगताना बल्बचे खोके, भांडी आणि पिल्लांचे खाद्य यांचा खर्चही सांगायला हवा. एका खेपेची सर्व पिल्ले एका वयाची असतात, ही मात्र यंत्राची मोठी जमेची बाजू आहे. मानमोडीची (राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची) लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात, आणि एका कुपीत निदान शंभरेक पिल्लांपुरती लस असते. ती कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. कोंबड्यांखाली चार वेगवेगळ्या तारखांना निघालेल्या पिल्लांसाठी कोणी कुपी फोडत नाही आणि लस राहून जाते. एकत्र निघालेल्या पिल्लांना शेजारच्या दोन-तीन घरांच्या पिल्लांबरोबर लस देऊन घेता येते.

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीशी तुलना करायची तर फळाच्या बाबतीत कोंबडीच वरचढ आहे. टोपलीत पेंढ्यावर दहा-बारा अंडी घालून बसवलेली कोंबडी तापमान, दमटपणा आणि अंडी फिरवणे हे सारे कोणाच्याही पुस्तिकेविना सांभाळते. तिची मर्यादा अंड्यांच्या संख्येत आणि वेळेत आहे. एकवीस दिवस उबवणे आणि नंतर दोनेक महिने पिल्ले हिंडवणे एवढ्या काळात ती अंडी घालत नाही. शिवाय आपल्याला हवी तेव्हा ती खुडूक होईल याचा नेम नाही. वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित कोंबड्या तर सहसा खुडूक होतच नाहीत, आणि कडकनाथही अंड्यांवर बसायला फारशी राजी नसते. अशा कोंबड्या पाळणाऱ्याला यंत्राशिवाय पर्याय नाही. वनराजा-गिरिराजाची घरी उबवलेली पुढची पिढी मात्र मूळ जातीसारखी निघत नाही, हे लक्षात ठेवून खर्च करावा. ज्यांच्याकडे चार-पाच गावरान कोंबड्या आहेत आणि घरापुरतीच पिल्ले हवी आहेत, त्यांनी यंत्राच्या भानगडीत पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्हाला सर्वांत चांगले फळ मिळाले ते दोन्हींची सांगड घालून. यंत्रात अंडी घातली त्याच सुमारास एखादी खुडूक कोंबडी थोड्या अंड्यांवर बसवायची, आणि पिल्ले निघाली की रात्रीच्या अंधारात यंत्रातली काही पिल्लेही तिच्या पंखाखाली सरकवायची. सकाळी ती सगळ्यांना आपलीच मानून डालग्याबाहेर घेऊन निघते. बल्बचा खर्च वाचतो, आणि ही पिल्ले घार दिसली की दडायला शिकतात, जे खोक्यात वाढलेल्या पिल्लांना येत नाही. निघालेल्यांपैकी साधारण निम्मे कोंबडे असतात, त्याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये. आमच्याकडे राखणीच्या, म्हणजे गावच्या राखणदार देवाला मान देण्याच्या, दिवसांत आणि शिमग्याच्या आसपास गावरान कोंबड्याला चांगली मागणी असते, आणि यंत्रामुळे काही महिने आधी बेत आखून अंडी घालता येतात.

विक्रीनंतरची सेवा मध्यम आहे. पंख्याचा आवाज वाढला तेव्हा विक्रेत्याने फोन उचलला, नवा पंखा पाठवला, पण पार्सलचा खर्च आमच्याकडून घेतला, आणि तो बसवण्याची रीत इंग्रजी चित्रफितीतच होती. पंखा बिघडण्याचे कारण बहुधा पिल्लांची लव असावी. प्रत्येक खेपेनंतर झाकणातली लव मऊ ब्रशने काढावी, बाकीची पेटी साबणाच्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवावी, आणि पावसाळ्यात ऊन नसेल तर ती पूर्ण सुकल्याशिवाय पुढची खेप घालू नये. विक्रेत्याला आम्ही लेखी कळवले आहे की पुस्तिका मराठीत द्यावी, तिच्यात कोकण, घाटमाथा, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या ऋतूंप्रमाणे पन्हळी किती भरायच्या याचा तक्ता छापावा, आणि दिवसांची मोजणी वीज गेल्यावरही टिकेल अशी व्यवस्था करावी. यांतली पहिली दोन कामे केवळ छपाईची आहेत आणि पुढच्या पावसाळ्याआधी होण्यासारखी आहेत.